मागची पंगत

एकशे वीस ग्लास मी माझ्या हातानं उजवीकडून डावीकडे सरकवले. केटरिंगची पोरं माझ्याकडं बघत उभी राहिली. त्यातलं एक धीट पोरगं म्हणालं, "गुरुजी, हॉटेलात ग्लास उजवीकडंच ठेवतेत."

"हॉटेलात काट्या-चमच्यानं खातात. इथं उजवा हात वरण-भातात बरबटलेला असणार. मग पाणी कोणत्या हातानं प्यायचं?"

पोराला पटलं. मलाही बरं वाटलं, कारण लेकीच्या लग्नाच्या त्या चार दिवसांत माझ्या म्हणण्यातलं कुणाला पटावं असं तेवढंच उरलं होतं.

तीर्थपुरीत लोक मला दोन गोष्टींमुळं ओळखतात. बत्तीस वर्षं मराठी शिकवलं ही एक. ती बहुतेक जण विसरले. दुसरी पंगत. घनसावंगी तालुक्यातलं हे आमचं बाजाराचं गाव, आता नगरपंचायत झालेलं. जायकवाडीच्या डाव्या कालव्याचं पाणी या भागात आलं, पाण्यामागं ऊस आला, उसामागं कारखाना आला, आणि हातात चार पैसे आले तशी लग्नातली पंगत लांबत गेली. लापशी-गुळवणीच्या जागी बुंदी आली. दोन हजार माणूस दुपारच्या उन्हात बसवून, वाढून, उठवायचं म्हणजे खेळ नव्हे. लग्न कुणाचंही असो, आदल्या दिवशी मला बोलावणं यायचं. किती पत्रावळी भिजवायच्या, भट्टीकडून वाढपी कोणत्या बाजूनं सोडायचे, हे मी ठरवायचो. पानावर आधी मीठ पडलं पाहिजे. मग डाव्या अंगाला चटणी, कोशिंबीर, लोणचं, उजव्या अंगाला भाजी, मधे भात. भातामागं वरणाची बादली इतकी जवळ चालली पाहिजे की कुणाचा भात कोरडा बघायला मिळू नये. बुंदी दोनदा फिरवायची, दुसऱ्यांदा जरा आखडत्या हातानं. आणि मागच्या पंगतीला वरण कमी पडतंय असं दिसलं की आचाऱ्याला खूण करायची: दोन बादल्या आधण.

ती खूण माझीच होती. मला तिचा अभिमान होता.

बफे आला तेव्हा मी त्याला 'ताटकळ-जेवण' असं नाव ठेवलं. ताट धरून ताटकळायचं, म्हणून. गावात ते नाव चाललंही. शाळेतल्या स्नेहभोजनाला माझं एक ठरलेलं भाषण असे. पंगतीत खुर्ची नसते, म्हणून उंच-नीच नसतं. एकाच सतरंजीवर सरपंच बसतो आणि सालगडीही बसतो. ज्याला समता शिकायची त्यानं पुस्तक मिटावं आणि पंगतीत बसावं. टाळ्या पडायच्या. भाषण चांगलं होतं, त्यात फक्त एक खोट होती. सरपंच आणि सालगडी सतरंजीवर एकाच वेळी बसलेले मी क्वचितच पाहिले होते.

लेक पुण्यात नोकरीला. लग्न गावातच, दुपारच्या मुहूर्तावर, रीतीप्रमाणं झालं. मांडवातून पळालेल्या रामदासांचं जांब समर्थ आमच्याच तालुक्यातलं, त्यामुळं मंगलाष्टकांत 'सावधान' आलं की कुणीतरी नवरदेवाला कोपरखळी मारून पळण्याची आठवण करून देतोच, तेही झालं. तिचं मागणं निराळं होतं. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी दोन्हीकडच्या जवळच्या माणसांचं जेवण करायचं, गोल टेबलं मांडून, सगळ्यांनी एकाच वेळी बसून. ती त्याला रिसेप्शन म्हणत होती, मी व्याहीभोजन म्हणत होतो. इथवर भांडण नव्हतं. मग ती म्हणाली, प्रत्येकाच्या जागेवर त्याच्या नावाची चिठ्ठी ठेवायची.

"इवाई जेवायला येणार आहेत का परीक्षेला? नंबर टाकून बसवायला?"

"मग पप्पा, सुपरव्हिजन तुम्हीच करा," ती म्हणाली.

मी चिडलो होतो. तिला म्हणालो, मांडामांडीचं कौतुक आम्हाला सांगू नकोस. १७८३ साली सवाई माधवरावांचं लग्न झालं तेव्हा नाना फडणिसांनी त्या सोहळ्याची बारीकसारीक याद लिहून काढली होती. साहेबाकडून टेबल मांडायला शिकायची आम्हाला गरज नाही. आणि आपल्याकडं विहिणीची पंगत आहेच की. पाट, पाटाभोवती रांगोळी, उदबत्ती, चांदीचं ताट, समोर बसून विहीण म्हणणाऱ्या बायका. याहून रेखीव मांडणी जगात कुठं असेल तर दाखव.

"ती पंगत छानच असते," लेक म्हणाली. "पण तिच्यात नवरीची आई कुठं बसलेली असते?"

नवरीची आई बसलेली नसते. ती वाढत असते. मी उत्तर जुळवायच्या आधीच ही आतून म्हणाली, "अहो, तुमच्या पंगतीत मी आजवर गरम पुरी खाल्लेली नाही." ती भांडायला बोलली नव्हती. डब्यात किती तेल उरलं ते सांगावं, तशा आवाजात सांगितलं, आणि पुन्हा पापड मोजायला लागली.

टेबलाची विद्या मी जालन्याच्या एका केटरिंगवाल्याकडून शिकलो. सहा फुटी गोल टेबलाला दहा खुर्च्या. बारा टेबलं, एकशे वीस माणसं. काटा डावीकडे, सुरी उजवीकडे, सुरीच्या वर ग्लास. मी ते वहीत उतरवून घेतलं आणि घरी येऊन आपल्या पानाचा नकाशा त्याच्याशेजारी काढला. शिक्षकाची खोड. तेव्हा लक्षात आलं की डावं-उजवं दोघांकडंही आहे, पण त्यांच्याकडं ते हत्यारांचं आणि आपल्याकडं पदार्थांचं. ते दोन्ही हातांनी जेवतात, म्हणून त्यांनी हातांची वाटणी केली. आपण एका हातानं जेवतो, म्हणून आपण पानाची वाटणी केली. तोंडी लावायचं थोडं-थोडं डावीकडे आणि पुन्हा पुन्हा हात जावा असं उजवीकडे. मग मी काटे-सुऱ्या काढून टाकल्या, स्टीलची ताटं-वाट्या मांडल्या, ताटावर डावी-उजवी बाजू आपली ठेवली आणि ग्लास डावीकडे आणला. लेकीनं ते आनंदानं मान्य केलं. हात पुसायच्या कापडी रुमालाचा तेवढा हट्ट तिनं सोडला नाही. पोरांनी त्या रुमालांचे मोर केले होते. आमच्या एका चुलत्यांनी पुढं त्यातला एक मोर उचलून खिशात घातला, आहेर समजून.

इथवर मी मनात हसत होतो. मला वाटत होतं, मी एक खूळ नीटनेटकं करून देतोय.

चिठ्ठ्या लिहायचं कामही माझ्याकडंच आलं. अक्षर चांगलं आहे, गावातल्या कितीतरी लग्नपत्रिकांवर नावं मीच घातलीत. जाड कागदाचे तुकडे, काळी शाई, कटनिब, रात्रीची वेळ. पुरुषांची साठ-बासष्ट नावं तासाभरात संपली. मग बायकांची यादी पुढं घेतली. ती मीच केलेली. थोरल्या वहिनी. परतूरवाल्या काकू. अंबडची मावशी. सेलूची आत्या. मधल्याची सासू. अमक्याची आई. तमक्याच्या मिसेस.

मी शाई वाळू दिली. बत्तीस वर्षं रोज सकाळी मी हजेरी घेतली आहे. पन्नास-साठ पोरा-पोरींची नावं, बापाच्या नावासकट, तिसऱ्या दिवशी मला पाठ असायची. आणि माझ्याच घरच्या छप्पन्न बायकांपैकी मला नावानिशी लिहिता येत होत्या एकवीस. त्यांत माझ्या शाळेत शिकलेल्याच निम्म्या. बाकीच्यांना मी वाढलं होतं, त्यांच्या हातचं खाल्लं होतं, त्यांच्या पाया पडलो होतो. पंगतीत नाव लागत नाही. कुणी कुठं आणि कधी बसायचं हे ज्याला-त्याला ठाऊक असतं. चिठ्ठीला नाव लागतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी थोरल्या वहिनींकडं गेलो. त्या शेंगा निवडत होत्या. म्हटलं, "वहिनी, चिठ्ठीवर नाव लिहायचंय. तुमचं नाव काय?"

त्या इतक्या हसल्या की डोळ्यांना पदर लावावा लागला. "चाळीस वर्षांनी इचारताय व्हय, भाऊजी?"

खरं तर मतदार यादीच्या कामात ते नाव मीच कधीतरी लिहिलेलं असणार. पण ते सरकारी काम होतं, कागदावरून कागदावर. हसू ओसरल्यावर त्यांनी विचारलं, "कोणतं लिहिता? तुमच्या भावानं तांदळात लिहिलेलं, का माझ्या आईनं ठेवलेलं?"

हा प्रश्न मला सुचला नव्हता. नवरी घरात आली की ताटातल्या तांदळात अंगठीनं नवं नाव लिहितात, सगळे वाकून बघतात, पेढे वाटतात. १९८४ साली या वहिनींच्या वेळी ताट धरायला मीच होतो.

"तुम्ही म्हणाल ते," म्हटलं.

"मग आईनं ठेवलेलं लिहा. एक दिवस."

ते नाव मी इथं लिहीत नाही. त्यांनी ते चिठ्ठीसाठी दिलं होतं.

मग घरोघर हिंडलो. काहींनी लाजून लेकीला पुढं केलं, काहींनी "काय करायचंय नावाचं" म्हणून उडवून लावलं. परतूरवाल्या काकूंनी मला शाई मागितली आणि थरथरत्या हातानं स्वतःच लिहिलं. एक अक्षर उलटं पडलं. ती चिठ्ठी मी तशीच ठेवली.

१९८४ चं ते लग्न मी मघाशी सहज बोलून गेलो. तिथं मला थांबलं पाहिजे, कारण माझं मन बदललं ते बायकांच्या नावांनी अर्धंच. उरलेलं अर्धं त्या लग्नातल्या पहिल्या पंगतीत पडलेलं होतं.

मी बावीस वर्षांचा होतो. नामांतराचा काळ. १९७८ च्या जुलैत विधिमंडळानं मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव देण्याचा ठराव केला आणि गावोगाव घरं जळली. त्यानंतर १९९४ च्या जानेवारीत नामविस्तार होईपर्यंत आमच्या भागात माणसं एकमेकांशी जपून बोलत. माझ्या वर्गातला एक मित्र, पलीकडच्या वस्तीतला, मीच दिलेल्या आमंत्रणावरून लग्नाला आला होता. पहिली पंगत बसली तेव्हा तो माझ्याकडं बघून हसला आणि बसला. मीठ वाढून झालं होतं. भावकीतला एक म्हातारा माझ्या कानाशी लागला. मी गेलो, वाकलो आणि मित्राच्या कानात म्हणालो, "तुमची पंगत मागून आहे. जरा थांब."

तो उठला. एक शब्द बोलला नाही. त्या पत्रावळीवर दुसरं कुणी बसेना, म्हणून ती मीच उचलली, मिठासकट.

म्हाताऱ्यानं सांगितलं म्हणून, असं मी स्वतःला पुष्कळ वर्षं सांगत आलो. म्हातारा कधीच गेला. उठवलं होतं मी, आणि ते कानात सांगितलं याचंही मला तेव्हा सौजन्य वाटलं होतं. पुढं बत्तीस वर्षं मी वर्गात एकनाथांची गोष्ट सांगितली. आमच्याच गोदावरीच्या वरच्या अंगाला पैठण. नाथांच्या घरी श्राद्धाचा स्वयंपाक, त्याचा वास घेत दारावरून जाणारी भुकेली माणसं, आणि नाथांनी ब्राह्मणांच्या आधी त्यांना बसवून वाढलेली पानं. मुलं डोळे मोठे करून ऐकायची. ही गोष्ट मुळात पंगतीच्या क्रमाची आहे, कुणाला आधी वाढायचं याची, हे सांगताना मला माझी १९८४ ची पत्रावळ एकदाही आठवली नाही. म्हणजे आठवायची, मी ती गोष्टीत आणत नव्हतो.

चिठ्ठ्या लिहिताना त्याच्या नावाची एक लिहिली. तो आता जालन्यात असतो, निवृत्त. फोन केला. लेकीचं लग्न झालं, उद्या जेवायला ये, म्हटलं. तो "बघतो" म्हणाला. त्या दिवसाबद्दल मी काही बोललो नाही. बोलायचं ठरवून फोन लावला होता.

संध्याकाळी सातला दिवे लागले. टेबलं सुंदर दिसत होती, हे कबूल करतो. चिठ्ठ्यांनी जेवढा गोंधळ घालायचा तेवढा घातला. थोरले भाऊ वहिनींच्या शेजारी आपलं नाव बघून दचकले. चारचौघांत बायकोशेजारी बसून ते आयुष्यात जेवले नव्हते. चार बायकांनी संगनमतानं चिठ्ठ्या उचलून एकाच टेबलावर नेल्या. एका आजोबांना खुर्चीवर मांडी घालता येईना म्हणून ते पाट मागत राहिले, आणि शेजारच्या गुडघे गेलेल्या आजी पंधरा वर्षांत पहिल्यांदा लग्नात ताट समोर घेऊन जेवतेय म्हणाल्या. वहिनी आपल्या खुर्चीपाशी आल्या, चिठ्ठी वाचली, उलटी करून ठेवली, पुन्हा सुलटी केली. ही इहीनबाईंशेजारी बसली. पोरगं पुऱ्या घेऊन आलं तेव्हा मी बघत होतो. तिनं पुरी फोडली, वाफ आली. तिनं माझ्याकडं बघितलं नाही, ते बरं झालं.

टेबलाचंही सगळं कौतुक करणार नाही. पोरं मुकाट वाढत होती. आग्रहाचा एक शब्द नाही. कुणी "पुरे" म्हटलं की खरंच थांबत होती, त्यामुळं निम्मे पाहुणे अर्धपोटी उठले. आपल्याकडं पहिलं 'पुरे' हे फक्त सुरुवातीचं बोलणं असतं, हे जालन्याच्या पोरांना कसं कळणार?

आणि आठच्या सुमारास माणसं यायला लागली. गावात मांडव उभा आहे, दिवे लागलेत, गुरुजींच्या घरचं कार्य आहे. कोण चिठ्ठी विचारत बसतो? आमच्या पत्रिकेवरच 'सहकुटुंब सहपरिवार' छापलेलं असतं. पस्तीस-चाळीस जण. कालच्या भांड्यांना हात लावलेल्या दोन बाया, त्यांची पोरं, हलगीवाला, सालगडी, शेजारच्या गल्लीतले. ते फाटकापाशी थांबले आणि टेबलांकडं बघत राहिले. पंगतीत असं होत नाही. पंगतीत आणखी एक पान वाढता येतं. टेबलाला अकरावी खुर्ची लागत नाही. हे त्या क्षणी मला इतकं लख्ख दिसलं की सगळं सोडून लेकीला "बघ!" म्हणावंसं वाटलं.

पण मी काय केलं ते सांगतो. मी गड्याला हाक मारली, "मागच्या बाजूला सतरंज्या टाक. यांची पंगत मागून बसवू."

तोंडातून गेल्यावर मला ते ऐकू आलं. फाटकापाशी कुणालाच काही वाटलं नाही. त्यांना सवय होती. हलगीवाला तर "हां, तेच बरं" म्हणून मागं वळलासुद्धा.

एक खुर्ची अजून रिकामी होती. जालन्याहून कुणी आलं नव्हतं. गाडी चुकली असेल, तब्येत असेल, किंवा ते मीठ असेल. मी विचारलं नाही. पोरं दोनदा ती खुर्ची उचलायला आली, दोनदा मी परत पाठवली. तेवढ्यात वहिनींनी भांडीवाल्या बाईच्या पोरीला बकोटीला धरून आणलं आणि तिथं बसवलं. "मोकळी कशाला ठेवता, भाऊजी? लेकरू जेवल." पोरीनं चिठ्ठी उचलून माझ्या हातात दिली, जशी वाटेत पडलेली वस्तू मालकाला देतात. मी ती वरच्या खिशात ठेवली. अजून त्याच सदऱ्यात आहे.

मागच्या सतरंजीवर मी बसलो तेव्हा हलगीवाला अवघडून उठायला लागला. त्याला हात धरून बसवलं. तिथं ना रुमालाचे मोर होते, ना चिठ्ठ्या. पत्रावळीवर भात पडला. पोरगं वरणाची बादली घेऊन आलं, एक पळी घातली. वरण भातातून आरपार गेलं आणि पत्रावळीच्या टाक्यांतून सतरंजीवर उतरलं.

"यात पाणी कुणी घातलं रे?"

आचारी भट्टीवरूनच ओरडला, "दोन बादल्या आधण, गुरुजी. तुमचीच खूण ना?"

पुऱ्या संपल्या होत्या. मी थोडं मीठ मागितलं.